डिकीतला दवाखाना

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



पुण्याहून सोलापूरकडे निघालात की उरुळी कांचन मागं पडतं आणि यवतच्या अलीकडे आमचं कासुर्डी लागतं. पुष्कळांना गावाचं नाव ठाऊक आहे ते तिथल्या टोलनाक्यामुळं. नाका आता बंद झाला, नाव तेवढं लोकांच्या तोंडी राहिलं. या गावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर मी तीस वर्षांहून अधिक काळ गुरांचा डॉक्टर म्हणून हिंडलो. आज मात्र जनावरांविषयी बोलायचं नाहीये. म्हणजे थोडं बोलावं लागेलच, पण आजचा विषय आहे मोटारीची डिकी, आणि तिच्यात सामान लावायला घरच्या घरी करायचे कप्पे.

तुम्ही हसाल. डिकीवर काय बोलायचं? झाकण उघडायचं, सामान कोंबायचं, झाकण लागेना झालं की जरा जोरात आपटायचं. मीही हेच करत होतो, 1999 सालच्या हिवाळ्यापर्यंत.

त्या वर्षी मी मोटारसायकल सोडून एक जुनी, छोटी, पाच दारांची गाडी घेतली होती. रात्री-अपरात्री थंडीत जायचं तर बरी म्हणून. डिकीत माझं सगळं दुकान असायचं. गमबूट, बादली, दोर, साबण, सलाइनच्या नळ्या, सुयांचा डबा, पोटफुगीचं औषध, नोंदवही. त्यांच्याच संगतीला गाडीचा जॅक, पाना आणि कधी घरचा किराणा. डिसेंबरातल्या एका रात्री दहाच्या सुमारास भुलेश्वरच्या डोंगराकडच्या एका वस्तीवरून एक मुलगा बोलवायला आला. गाय व्यायला दोन दिवस झालेले, दुपारी बसली ती उठेना, मान पोटाकडे वळवून पडलीय, कान गार. एवढं ऐकलं की आमच्या धंद्यातला माणूस ओळखतो. दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी यात ताप नसतो, उलट अंग थंड पडतं. व्यायल्यावर दुधातून कॅल्शियम भराभर निघून जातं आणि रक्तात कमी पडतं, म्हणून जनावर खाली बसतं. यावरचं औषध मात्र बघण्यासारखं लागू पडतं. कॅल्शियमची 450 मिलिलिटरची बाटली कोमट पाण्यात धरायची आणि शिरेतून अगदी सावकाश द्यायची. घाई केली तर हृदय बंद पडण्याची भीती. पुष्कळदा बाटली संपते न संपते तोच गाय धडपडत उठते आणि वैरणीकडे जाते. हे मी कितीतरी वेळा पाहिलं होतं.

वस्तीवर पोहोचलो. घरात एक आजी, सून आणि तो मुलगा. आजींनी बॅटरी धरली, मी डिकी उघडली. खड्ड्यांच्या रस्त्यानं जॅक घसरत घसरत बाटल्यांच्या पिशवीवर येऊन पडला होता. तेव्हा बाटल्या काचेच्या यायच्या. दोन्हीही फुटल्या होत्या. मी आजींना म्हणालो, "अजून औषध लागेल, घेऊन येतो," आणि उलटा कासुर्डीला पळालो. जाऊन येईपर्यंत सव्वा तास गेला. गाय संपली होती.

"आजार फार पुढं गेला होता, आजी," मी सांगितलं. हे खोटं नव्हतं. गाय दुपारपासून पडलेली होती, बाटली हातात असती तरी वाचली असती असं छातीठोक सांगता येत नाही. पण ते पुरतं खरंही नव्हतं, आणि हे मला गाडी सुरू करतानाच कळत होतं. आजींनी चहा केला होता. मी तो प्यायलो, हे आणखी वाईट.

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या सुताराला गाठलं. म्हटलं, डिकीत बसेल असा कप्प्याकप्प्यांचा खोका करून दे. त्यानं विचारलं, केवढा? म्हटलं, डिकीएवढा. आमची पहिली चूक इथं झाली. तो बिचारा पाट्या घेऊन आला, डिकीत वाकून बसला आणि आतल्या आत खोका उभा केला. बारा मिलिमीटरचं प्लायवूड, बारा कप्पे, वर बिजागरीचं झाकण, झाकणाला सनमायकासुद्धा. शेजारीपाजारी बघायला आले. पंधरा दिवस मी ऐटीत फिरलो.

मग पाटसच्या पुढं चाक पंक्चर झालं. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी डिकीच्या तळाखाली असते, तशी माझ्याही गाडीत होती. म्हणजे खोका बाहेर काढायला हवा. खोका काही केल्या बाहेर येईना. डिकीचं तोंड आतल्या जागेपेक्षा अरुंद असतं, आणि आम्ही खोका आतच जोडलेला. शेवटी एका ट्रकवाल्याची कुऱ्हाड मागून घेतली. पुढचं सांगत नाही.

एकूण हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं की खोक्यात आणखीही खोटी होत्या. प्लायवूडचा पूर्ण पत्रा, म्हणजे आठ बाय चार फुटांचा, 12 मिलिमीटर जाडीला 22-23 किलोच्या आसपास भरतो. माझ्या खोक्याला त्याच्या निम्म्याहून अधिक लागला होता. तेवढं ओझं मी विनाकारण रोज हिंडवत होतो. शिवाय कप्पे सगळे सारख्या मापाचे. माझ्या वस्तू कुठं सारख्या मापाच्या होत्या? गमबूट मावेना, सुयांचा डबा कप्प्यात खुळखुळा वाजे. सुताराचा यात दोष नाही. त्यानं मी सांगितलं ते केलं. कप्पे कशासाठी हवेत हे मीच त्याला सांगितलं नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

इथं मला उरुळी कांचनची आठवण सांगायला हवी. 1946 च्या मार्चमध्ये गांधीजी तिथं आले, निसर्गोपचाराचं काम सुरू झालं आणि ते पुढं चालवायला मणिभाई देसाई गावातच राहिले. याच मणिभाईंनी 1967 मध्ये बायफ ही संस्था काढली आणि 1982 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बायफनं संकरित गाईंसाठी कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात नेलं. ते दारात नेणारा माणूस बहुधा मोटारसायकलवर असायचा. त्याच्याकडे असायचं द्रवरूप नायट्रोजनचं भांडं. आत उणे 196 अंश सेल्सियस. हे भांडं आडवं झालं की संपलं. द्रव सांडतो, आतल्या रेतमात्रा वाया जातात. त्यामुळं त्या माणसाच्या मोटारसायकलवर भांड्याची जागा एकच, उभी, पट्ट्यानं आवळलेली. हातमोजे, कात्री, नोंदवही यांच्याही जागा ठरलेल्या. अंधारात बॅटरीशिवाय हात घातला तरी हवी ती वस्तू हाती यावी. मी ही माणसं वर्षानुवर्षं रस्त्यात भेटत पाहिली होती, पण त्यांच्या पिशवीकडे शिकण्यासाठी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे डिकी नव्हती. अडचण होती म्हणून शिस्त आली, आणि माझ्याकडे जागा होती म्हणून पसारा, असं मला वाटतं.

जाता जाता एक सूचना. नायट्रोजनचं भांडं बंद गाडीत ठेवून काचा वर करून कधीही जाऊ नये. एक लिटर द्रवाचा साधारण 700 लिटर वायू होतो आणि तो गाडीतल्या श्वासाच्या हवेची जागा घेतो. पाच दारांच्या गाडीत डिकी आणि बसायची जागा यांच्यात भिंत नसते, दोन्हीकडची हवा एकच.

तर दुसऱ्या खेपेला मी सुताराकडे गेलोच नाही. आधी डिकी पूर्ण रिकामी केली आणि ओट्यावर चादर अंथरून सगळं सामान मांडलं. मंडळींनी, म्हणजे आमच्या घरातल्यांनी, डोक्याला हात लावला. मी तीन ढीग केले. एक रोज लागणारं. दुसरं क्वचित लागणारं, पण लागेल तेव्हा त्याच क्षणी लागणारं. कॅल्शियमच्या बाटल्या यात आल्या, जॅक आणि पानाही यातच. तिसरा ढीग कधीच न लागणाऱ्या वस्तूंचा. तो सगळ्यांत मोठा निघाला. त्यात दोन वर्षांपूर्वीच्या लग्नाचा आहेरसुद्धा होता, द्यायचा राहिलेला.

मग माप. श्रोतेहो, हे जरा लक्ष देऊन ऐका, कारण इथंच सगळे चुकतात. डिकीचं माप एक नसतं, तीन असतात. एक तोंडाचं, म्हणजे सामान जिथून आत जातं तिथलं. दुसरं तळाचं, दोन्ही बाजूंना चाकांचे फुगवटे आत आलेले असतात त्यांच्या मधलं. तिसरं झाकण लावल्यावर काचेखाली उरणाऱ्या उंचीचं. यांपैकी सगळ्यांत लहान माप धरायचं, आणि त्यातूनही दोन बोटं कमी. फुगवट्यांचा आकार टेपनं नीट सापडत नाही. त्यासाठी मी रविवारच्या पेपरची पानं खळीनं एकावर एक चिकटवली, डिकीत दाबून आकार घेतला आणि कात्रीनं कापला. हा कागदी साचा बाहेर काढताना फाटला नाही, तर तुमचा खोकाही बाहेर निघेल.

खोका म्हणून मी टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट वापरले. आमच्याकडे ते शेताच्या बांधावर मिळतात. साधारण 54 सेंटिमीटर लांब, 36 रुंद, वजनाला हलके, धुता येतात आणि जाळीमुळं ओल धरत नाहीत. एकात वीस किलो टोमॅटो सहज जातात, म्हणजे ताकदीचा प्रश्न नाही. माझ्या डिकीत एक क्रेट आणि त्याच्या बाजूला दुसरा अर्धा कापलेला, असे बसले. कापलेल्या बाजूला 6 मिलिमीटरच्या प्लायवूडची फळी नटबोल्टनं लावली. लाकूड लागलं ते एवढंच.

बाटल्यांसाठी युक्ती केली तिचा मला आजही अभिमान आहे. शेतात पाइपलाइन टाकून झाल्यावर 90 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे उरतात. त्यांचे वीत-वीत लांबीचे चार तुकडे हॅक्सॉनं कापले, कडा पॉलिश पेपरनं घासल्या, चारही एकत्र दोरीनं आवळून क्रेटच्या कोपऱ्यात उभे बांधले. आतून जुन्या स्वेटरचं अस्तर आणि तळाला दुमडलेलं बारदान. बाटली त्यात अशी बसते की हलत नाही आणि वाजत नाही. पुढं प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, तरी हे नळकांडं मी काढलं नाही.

बाकीचं काम घरातून झालं. माझ्या बायकोनं जुन्या जीन पँटींचे खिसे कापून एका जाड कापडावर शिवले आणि ते कापड मागच्या सीटच्या पाठीला डिकीच्या बाजूनं बांधलं. कात्री, चिमटे, हातमोजे, बॅटरी, कापूस, प्रत्येकाला एक खिसा. प्रत्येक खिशावर तिनं लाल दोऱ्यानं वस्तूचं नाव काढलं. एका वस्तीवरचा पोरगा ते वाचत वाचत मला म्हणाला, "डॉक्टर, ही तर शाळाच हाय." तेव्हापासून मी त्यालाच "कापूस आण, दोर आण" असं सांगायला लागलो, आणि पोरगं बरोब्बर आणायचं. मदतनीस फुकट मिळाला.

आता बांधणं. कप्पे कितीही चांगले असले तरी क्रेटच मोकळा असेल तर उपयोग नाही. कित्येक गाड्यांच्या डिकीत तळाजवळ लोखंडी कड्या असतात, बऱ्याच मालकांनी त्या कधी पाहिलेल्याही नसतात. चटई वर करून बघा. त्या कड्यांना नायलॉनचा बक्कलचा पट्टा घालून क्रेट आवळायचा. कड्या नसल्या तर सीटच्या लोखंडी सांगाड्याला बांधता येतो. पण डिकीच्या तळाला ड्रिल लावून भोकं पाडू नका. खाली पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरी काय काय गेलेलं असतं. हलक्या वस्तूंसाठी पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून घ्याव्यात. सायकलच्या कॅरियरला आपण लावायचो त्याच. वस्तू डोलू नये एवढंच रबराचं काम. जड वस्तू रबराच्या भरवशावर सोडू नये.

जड म्हटल्यावर गुळाची गोष्ट सांगायला हवी. आमचा तालुका गुऱ्हाळांचा. पुण्याचा पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही. एकदा मीच मुलीकडे पुण्याला निघालो होतो, आणि दहा किलोची ढेप घाईत सगळ्या सामानाच्या वर ठेवली, सीटच्या पाठीपेक्षाही उंच. टोलनाक्याच्या रांगेजवळ पुढची गाडी एकदम थांबली, मी ब्रेक दाबला आणि ढेप उडून मागच्या सीटवर आदळली. त्या दिवशी सीटवर कुणी नव्हतं. आदल्या आठवड्यात त्याच जागी नातू बसला होता.

तो तर नुसता ब्रेक होता. ताशी 50 किलोमीटरनं जाणारी गाडी कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर तेवढ्या क्षणापुरती दहा किलोची ढेप 140 किलोच्या जोरानं पुढं येते. 2022 च्या सप्टेंबरमध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, त्यानंतर मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा घराघरांत झाली. ती व्हायलाच हवी होती. पण माणसानं पट्टा लावला आणि त्याच्या डोक्यामागं जॅक, गूळ नाहीतर गॅसची शेगडी मोकळी ठेवली, तर काय साधलं? जड ते खाली, सीटच्या पाठीला टेकवून, आणि बांधलेलं. सीटच्या पाठीच्या वर काही जाऊ द्यायचं नाही.

हल्ली पुष्कळांच्या डिकीत सीएनजीची टाकी असते. ते मला विचारतात, आता कप्पे कुठं करू? काही कंपन्यांनी 2023 पासून एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी बसवायला सुरुवात केलीय, त्यांचं सोपं आहे. बाकीच्यांनी टाकीच्या पुढं उरलेल्या जागेत उभट, अरुंद खोका करावा. टाकीवर टेकणारं, टाकीला बांधलेलं काही नको. टाकीचा व्हॉल्व्ह आणि तिच्या तपासणीची पट्टी हातासरशी दिसली पाहिजे. टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तेव्हा खोका दोन मिनिटांत निघायला हवा. कुऱ्हाडीशिवाय.

आणि उन्हाळा. चैत्र-वैशाखात बाहेर 40 अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत 60 च्या आसपास जातं. लायटर, अत्तराचे फवारे, शेगडीचे छोटे गॅसचे डबे यांना डिकीत जागा करूच नका. माझ्या लशी 2 ते 8 अंशांत ठेवायच्या असत, त्या बर्फाच्या डब्यात पायाशी यायच्या आणि माझ्याबरोबर उतरायच्या. डिकीत त्यांना कप्पा नव्हता.

माझं बघून गावात काही जणांनी कप्पे केले. लग्नाचे फोटो काढणाऱ्यानं केले, मोटारी रिवाइंड करणाऱ्यानं केले. एका मास्तरांनी केले, पण त्यांच्याकडे ठेवायला काहीच नव्हतं, त्यांनी छत्र्या ठेवल्या. कुणाचेही कप्पे कुणासारखे नाहीत. बाजारात आता तयार घडीचे खोकेही मिळतात. ते वाईट नाहीत, पण माझ्या गमबुटाचं माप त्यांना ठाऊक नाही.

त्या वस्तीवर मी पुन्हा जात राहिलो. आजींनी दुसरी गाय घेतली, तिच्या तिसऱ्या वेताला, 2004 मध्ये, पुन्हा तसाच निरोप आला. या वेळी निरोप फोनवर आला, आणि गाय बसल्याला तासही झाला नव्हता. मी डिकी उघडली, बॅटरी न लावता नळकांड्यात हात घातला, बाटली हातात आली. तासाभरात गाय उभी राहिली. हात धुताना मला राहवलं नाही. मी आजींना सांगितलं, त्या वेळी माझ्या बाटल्या फुटल्या होत्या. आजी म्हणाल्या, "ठावं हाय मला. डिकीतनं गळत व्हतं की. सकाळी तितं मुंग्या लागल्या व्हत्या." मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, "तुमी बोलाल म्हून थांबले." आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

मी आता निवृत्त आहे. हल्ली 1962 या क्रमांकावर फोन केला की फिरतं पशुवैद्यकीय पथक येतं, त्यांच्या गाडीत कप्पे करूनच दिलेले असतात. माझ्या डिकीत आता पाण्याच्या बाटल्या, दोर, नातवाची बॅट आणि भाजीच्या पिशव्या असतात. खिशांवरची नावं मात्र तीच आहेत, त्यामुळं "चिमटे" लिहिलेल्या खिशात गाडीची कागदपत्रं असतात आणि दर वेळी शोधावी लागतात. बायको म्हणते, नवीन शिवून देते. बघू.

आणि हो, एक सांगायचं राहिलंच. ट्यूबच्या पट्ट्या उन्हानं सुकतात. दर पावसाळ्याआधी ताणून बघा, बारीक भेगा दिसल्या की बदला. पंक्चरवाला त्याचे पैसे घेत नाही, चहा पाजा म्हणजे झालं. नमस्कार.